तुझं बजेट मे महिन्यापाशी संपतं

ताई,
मी 23 वर्षांची आहे. सहावीत असताना आई-बाबांबरोबर ओहायोत आले, आम्ही ग्रीन कार्डवर आहोत. दोन वर्षं एका क्लिनिकमध्ये रिहॅब एड म्हणून काम केलं आणि आता राज्यातल्याच एका युनिव्हर्सिटीत डीपीटीला (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) प्रवेश मिळालाय. ऑगस्ट 2026 ला सुरुवात, मे 2029 ला पदवी. ट्यूशन फेडरल लोन आणि एका छोट्या स्कॉलरशिपमध्ये जेमतेम बसते. प्रश्न राहण्या-खाण्याचा आहे. मी महिन्याचा हिशेब असा बसवलाय: भाडं 750 (रूममेटबरोबर), किराणा 280, गॅस (गाडीचं पेट्रोल) 140, कार इन्शुरन्स 130, वीज आणि इंटरनेट 90, फोन 30, इतर 180. एकूण 1,600 डॉलर, म्हणजे 33 महिन्यांचे 52,800. माझी बचत 14,000 आहे, बाकीचं प्रायव्हेट लोन, बाबा को-साइन करतील, म्हणजे जामीन राहतील. पण बाबांना ते पटत नाही. ते म्हणतात, लोन कशाला, मी 401-के मधून (निवृत्तीच्या बचतीतून) 30,000 काढतो. ते 57 वर्षांचे आहेत. पगारातून महिन्याला 400 ते देऊ शकतात, पण तेवढं देणं त्यांना अगदीच कमी वाटतं. आई म्हणते काकांकडे राहा, त्यांचं घर कॉलेजपासून 45 मैलांवर आहे. सीनियर म्हणतात मिळेल तेवढं लोन उचल, नंतर कमावशीलच. मला एवढंच सांगा, 1,600 पुरतील का?
— एक वाचक, ओहायो

1,600 पुरतील. पहिल्या वर्षी, एकाच घरात राहून, गाडीने त्रास दिला नाही तर नक्की पुरतील. तू दोन वर्षं नोकरी करून स्वतःचा खर्च बघितलेला आहेस, ते तुझ्या आकड्यांत दिसतं. किराण्याला 280 लिहिणाऱ्या मुलीने स्वतः दुकानात जाऊन बिल भरलेलं असतं. महिन्याच्या हिशेबात मला चूक सापडली नाही. चूक गुणाकारात आहे. तू 33 ने गुणलंस, आणि प्रत्येक महिना सारखा धरलास.

मी स्वतः याच देशात डीपीटी केलं. आता फिजिकल थेरपिस्ट म्हणून काम करते आणि दरवर्षी एक-दोन विद्यार्थ्यांची सीआय, म्हणजे क्लिनिकमध्ये शिकवणारी थेरपिस्ट, असते. म्हणून हे सगळं दोन्ही बाजूंनी पाहिलंय. आधी शेवटापासून सांगते, कारण शेवटाबद्दल कोणी बोलतच नाही.

मे महिन्यात पदवी मिळते. त्या दिवशी तू थेरपिस्ट नसतेस. एनपीटीई ही लायसन्ससाठीची राष्ट्रीय परीक्षा पास व्हायची असते, आणि ती वर्षातून मोजक्या ठरलेल्या तारखांनाच असते. माझी जुलैच्या शेवटी होती. निकाल, मग राज्याचं लायसन्स, मग हॉस्पिटलचे कागद. मार्चमध्येच नोकरी पक्की झाली होती, पण लायसन्स नंबर हातात आल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नव्हता. पहिला पगार सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशी चार भाडी त्याआधी गेली होती. लोनचा शेवटचा हप्ता जानेवारीत आलेला, तो एप्रिलमध्येच संपला. त्या जुलैत मी अभ्यासाच्या पुस्तकाच्या कोपऱ्यात पेन्सिलने खात्यातली शिल्लक लिहायचे. रोटेटर कफच्या पानावर ‘212’ लिहिलेलं अजून आहे. ते पान वाचताना मला स्नायूंची नावं आठवत नव्हती, भाड्याची तारीख आठवत होती.

कॉलेजमार्फत येणारे पैसे तू शिकत असतेस तेवढ्याच काळासाठी असतात. पदवी मिळाली की नवा हप्ता नाही. फेडरल लोनला सहा महिन्यांचा ग्रेस पिरियड असतो खरा, पण त्याचा अर्थ एवढाच की परतफेड लगेच सुरू होत नाही. घरभाडं त्यातून निघत नाही. आणि नेमका याच दिवसांत परीक्षेचा खर्च येतो: फी 500 डॉलरच्या आसपास, टेस्ट सेंटरचे वेगळे, लायसन्सच्या अर्जाचे वेगळे. शिवाय नोकरी दुसऱ्या गावी असेल तर सामान हलवणं आणि नवं डिपॉझिट. म्हणून 33 नव्हे, 37 महिने धर. लायसन्स लवकर आलं तर ते पैसे लोनमध्ये भर, कोणी अडवणार नाही.

दुसरी गोष्ट रोटेशन, म्हणजे खऱ्या क्लिनिकमध्ये किंवा हॉस्पिटलात (त्यालाच साइट म्हणतात) काम करत शिकण्याचे आठवडे. डीपीटीत किमान 30 आठवड्यांचं फुल टाइम क्लिनिकल शिक्षण सक्तीचं आहे, अनेक कॉलेजांत त्याहून जास्त असतं. आठवड्याला 40 तास काम, पगार शून्य, वर त्या सेमिस्टरची ट्यूशन चालूच. साइट कुठे मिळेल ते बऱ्याच अंशी तुझ्या हातात नसतं. कॉलेजच्या गावात तुझी लीज चालू असते आणि दीडशे मैलांवर 10-12 आठवड्यांसाठी दुसरी खोली लागते. म्हणजे दोन छपरं. हा आकडा तुझ्या यादीत कुठेच नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. हुशार, हात चांगला, पेशंटशी बोलणं गोड. तिसऱ्या आठवड्यापासून दुपारी नोट्स लिहिताना ती वाक्याच्या मध्येच थांबायची. मला वाटलं, रस उरला नाही. एकदा पार्किंगमध्ये तिची गाडी पाहिली. मागच्या सीटवर उशी, इस्त्रीचे कपडे हँगरला, खाली ब्रेडचं पाकीट. ती रोज 70 मैल येत होती आणि 70 मैल जात होती, आणि बर्फ पडला की गाडीतच झोपत होती. दुसऱ्या खोलीचे पैसे तिने धरलेच नव्हते, आणि मागायची लाज वाटली. आमच्या क्लिनिकमधल्या एका सहकाऱ्याची बेसमेंटची खोली रिकामी होती. विचारलं असतं तर पहिल्या दिवशी मिळाली असती. मीही विचारायला हवं होतं, ते मला अजून लागतं. आता मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच फोनवर विचारते, राहणार कुठे.

तुझा नवा आकडा असा मांडू. 1,600 गुणिले 37 म्हणजे 59,200. रोटेशनच्या दुसऱ्या खोलीचे महिना 900 आणि असे आठ महिने धर, 7,200. परीक्षा, लायसन्स, सामान हलवणं यांचे 1,500. झाले 67,900. तुझ्या 52,800 पेक्षा 15,100 जास्त. घाबरू नकोस. या 15,100 मधला मोठा भाग तुझ्याच घरात आहे, फक्त आई-बाबा तो चुकीच्या जागी देऊ करतायत.

आधी बाबांचं. 401-के मधून काढू देऊ नकोस. साडेएकोणसाठच्या आत काढलं तर साधारणपणे त्या रकमेवर इन्कम टॅक्स आणि वर 10 टक्के दंड. तुझ्या हातात 30,000 द्यायचे तर त्यांना त्याहून बरेच जास्त काढावे लागतील, आणि 57 व्या वर्षी ती रक्कम पुन्हा उभी करायला वेळ नसतो. शिक्षणासाठी लोन मिळतं, म्हातारपणासाठी कोणी देत नाही. हे त्यांना तू सांगितलंस तर रागावतील, तेव्हा असं सांग: बाबा, महिन्याला 400 द्या, पण मला नको, तुमच्याच नावाच्या वेगळ्या सेव्हिंग्ज खात्यात टाका. 33 महिन्यांत ते 13,200 होतात. रोटेशनच्या खोल्यांचे 7,200 आणि पदवीनंतरच्या चार महिन्यांचे 6,400, मिळून 13,600. बघ कसं जवळजवळ बसतं! ज्या दोन जागी प्रत्येक विद्यार्थी अडकतो, त्या दोन्ही जागी तुझे बाबा उभे असतील. 400 कमी वाटतात कारण ते दर महिन्याच्या किराण्यात विरघळतात. एकत्र साठले तर जुलै 2029 मध्ये तुमची मुलगी शांतपणे अभ्यास करू शकेल, असं त्यांना सांग.

आणि आईचं म्हणणं. काकांकडे पहिल्या वर्षी राहू नकोस. भाडं वाचेल हे खरं, गॅसचा वाढीव खर्च वजा करूनही वाचेल. पण रोजचे 90 मैल म्हणजे आठवड्याचे आठ-दहा तास, आणि पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या लॅबमध्ये संध्याकाळी परत जाऊन बॉडीवर उजळणी करावी लागते. बॅचमधले चौघे रात्री आठला टेबलाभोवती उभे राहून एकमेकांना प्रश्न विचारतात, त्यात जे शिकून होतं ते पुस्तकातून होत नाही. त्या वेळी तू हायवेवर असू नयेस. काकांचं घर रोटेशनसाठी जपून ठेव. कॉलेजात डीसीई असतात, क्लिनिकल शिक्षणाच्या प्रमुख. त्यांना पहिल्याच सेमिस्टरला भेट आणि सांग की अमुक गावाजवळ माझी राहायची सोय आहे, तिथल्या साइट कोणत्या? त्यांनाही असा विद्यार्थी हवाच असतो. ओहायोत आई-बाबांच्या गावाजवळची साइट मिळाली तर आणखी एका रोटेशनचं भाडं शून्य. दुसऱ्या खोलीच्या 7,200 मधले निम्मे एवढ्यानेच वाचू शकतात.

बाकीच्या रोटेशनसाठी: काही हॉस्पिटलं विद्यार्थ्यांना राहायला जागा देतात, काही राज्यांत ग्रामीण भागातल्या रोटेशनसाठी एरिया हेल्थ एज्युकेशन सेंटरची घरं असतात. त्या त्या गावच्या महाराष्ट्र मंडळाला लिहायला लाजू नकोस. तीन महिन्यांसाठी घरात एक मुलगी ठेवून घ्यायला आनंदाने तयार असणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. भाडं मात्र ठरवून दे, उपकारात राहू नकोस. आणि लीजवर सही करण्याआधी सबलेट करता येतं का ते वाच. येत असेल तर तू नसताना तुझी खोली कोणाला तरी देता येईल. येत नसेल तर घरमालकाशी तेव्हाच बोल, नंतर तो ऐकत नाही.

आता सीनियरांचं ‘मिळेल तेवढं उचल’. त्यांच्या वेळी ग्रॅड प्लस लोन होतं, कॉलेजने ठरवलेल्या कॉस्ट ऑफ अटेंडन्सपर्यंत (शिकण्या-राहण्याचा एकूण अंदाजी खर्च) सरकारकडूनच घेता यायचं. जुलै 2025 मध्ये झालेल्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद. आता ग्रॅज्युएट कोर्सना फेडरल लोन वर्षाला 20,500 आणि एकूण 1,00,000, तर ‘प्रोफेशनल’ गटातल्या कोर्सना वर्षाला 50,000 आणि एकूण 2,00,000. तुझा कोर्स कोणत्या रांगेत येतो, ते फायनान्शियल एड ऑफिसकडून ईमेलवर लेखी घे. प्रोफेशनलमध्ये येत असेल तर प्रायव्हेट लोनची गरजच बरीच कमी होईल, आणि प्रायव्हेट लोन जितकं कमी तितकं बरं. त्याला फेडरलसारखी पगाराच्या प्रमाणात हप्त्याची सोय नाही, सरकारी किंवा ना-नफा हॉस्पिटलात दहा वर्षं काम करून उरलेलं माफ होण्याची वाट नाही, आणि सही बाबांची. सीनियरांचा सल्ला पाळलास तर ‘मिळेल तेवढं’ बाबांच्या नावावर चढेल.

व्याजाचं एक उदाहरण डोक्यात ठेव. 2025-26 मध्ये ग्रॅज्युएट फेडरल लोनचा दर 7.94 टक्के होता, आणि व्याज पैसे हातात आल्या दिवसापासून चढतं. पहिल्या सेमिस्टरला घेतलेले 1,000 डॉलर परतफेड सुरू होईपर्यंत साधारण 1,250 होतात. फेडरल लोनमधलं जास्तीचं घेतलं गेलं तर 120 दिवसांच्या आत परत करता येतं, आणि तेवढ्या भागाचं व्याज आणि फी लागत नाही. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला बसून बघ, किती उरतंय.

उलट बाजूही सांगते. कॉलेजची कॉस्ट ऑफ अटेंडन्स कमी पडत असेल तर ती वाढवून मागता येते. रोटेशनचा प्रवास, लॅपटॉप, आजारपणाचा खर्च, कागद जोडून अर्ज करायचा. बहुतेकांना हे माहीतच नसतं. आणि प्रत्येक मान्यताप्राप्त डीपीटी कोर्सला आपल्या वेबसाइटवर खर्चाचं एक पत्रक ठेवावं लागतं, कॅप्टीचं (या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) फायनान्शियल फॅक्ट शीट. कोर्सची फी, इतर खर्च, विद्यार्थ्यांवरचं कर्ज त्यात असतं. एक पान आहे, बाबांना छापून दे.

पैसे कधी येतात तेही बघ. सेमिस्टरला एकदा. कॉलेज आधी ट्यूशन कापून घेतं, उरलेलं रिफंड म्हणून येतं, आणि ते बहुधा वर्ग सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. तोवर डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, कढई, पुस्तकं सगळं होऊन जातं. म्हणून तुझे 14,000 ट्यूशनमध्ये घालू नकोस. हे एकमेव पैसे आहेत जे तुझ्या तारखेला येतात. त्यातले निदान 4,000 नव्या जागी बस्तान बसवण्यासाठी आणि उशीर झालेल्या रिफंडसाठी राख. आजी-आजोबा भारतात असतील तर अचानक निघावं लागलं तर तिकिटाचे पैसेही यातूनच.

मग रिफंड आला की दोन खाती. एका खात्यात सगळी रक्कम, त्यातून भाडं, इन्शुरन्स, वीज, फोन असे बांधलेले 1,000 आपोआप जातात. उरलेल्या 600 चे आठवड्याला साधारण 138 होतात. ते दर शुक्रवारी दुसऱ्या खात्यात, आणि कार्ड फक्त दुसऱ्याच खात्याचं पाकिटात. ऑगस्टमध्ये खात्यात आठ हजार दिसले की आपण श्रीमंत वाटतो. नोव्हेंबरमध्ये कळतं. महिन्याऐवजी आठवडा धरला की एखादा आठवडा चुकला तर पुढच्या सात दिवसांत सावरता येतो.

नोकरीचं तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. पहिल्या सेमिस्टरला करू नकोस. डीपीटीत विषय साखळीने येतात. एकात नापास झालं तर अनेक कॉलेजांत पुढच्या बॅचबरोबर परत बसावं लागतं. म्हणजे एक वर्षाचं भाडं जास्त आणि एक वर्षाचा पगार कमी. फिजिकल थेरपिस्टचा मधला पगार 2024 मध्ये वर्षाला एक लाख डॉलरच्या थोडा वर होता. नव्या माणसाला त्याहून कमी मिळतो, तरी आठवड्याला दीडशे डॉलर कमवायच्या नादात केवढी रक्कम पणाला लागते ते दिसतंय ना? दुसऱ्या सेमिस्टरपासून आधीच्या क्लिनिकसारख्या ठिकाणी शनिवारची शिफ्ट चालेल. त्याहून चांगलं म्हणजे ॲनाटॉमी लॅबमध्ये शिकवणं किंवा डिपार्टमेंटची असिस्टंटशिप, ट्यूशन थोडी माफ होते आणि अभ्यासही होतो.

हेल्थ इन्शुरन्सकडे मात्र लक्ष दे. तू आता बाबांच्या प्लॅनवर असशील. तिथे 26 पूर्ण होईपर्यंतच राहता येतं, आणि तुझा सव्विसावा वाढदिवस बहुधा कोर्सच्या शेवटच्या वर्षात येतो, कदाचित रोटेशनच्या मधोमध. इन्शुरन्स नसेल तर बऱ्याच साइट तुला उभं करणार नाहीत. कॉलेजचा प्लॅन, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी इन्शुरन्स), मार्केटप्लेस (सरकारी वेबसाइटवरून विकत घ्यायचा), तिन्ही त्याआधी तीन महिने बघून ठेव. आणि तोवर कॉलेजचा प्लॅन नको असेल तर वेव्हरचा फॉर्म दर वर्षी वेळेत भर, नाहीतर हजारोंचं बिल ट्यूशनबरोबर चिकटून येतं.

बारीकसारीक खर्च तुझ्या 180 मध्ये मावतील. गोनिओमीटर, रिफ्लेक्स हॅमर, गेट बेल्ट ही तपासणीची साधनं तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून घे, ती देऊनच टाकतात. पुस्तकं पहिला तास झाल्याशिवाय विकत घेऊ नकोस. रोटेशनआधीची बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट, टीबीची तपासणी, सीपीआरचं सर्टिफिकेट, हे एकदम एका महिन्यात येतात, त्या महिन्याच्या कोपऱ्यात 300 लिही. कॅम्पसवर फूड पँट्री (मोफत किराणा मिळण्याची जागा) असेल तर जा. ती विद्यार्थ्यांसाठीच असते, आणि तिथे तुला तुझ्याच बॅचमधली तोंडं दिसतील.

या आठवड्यात एवढं कर. फायनान्शियल एडला ती एक ईमेल. बाबांबरोबर बँकेत जाऊन ते वेगळं खातं. आणि एक मोठा कागद घेऊन ऑगस्ट 2026 पासून सप्टेंबर 2029 पर्यंतचे सगळे महिने ओळीने लिही, कोणता वर्गात, कोणता रोटेशनवर, कोणता नुसताच परीक्षेची वाट बघण्याचा, ते रंगाने दाखव, आणि तो काकांच्या घरी घेऊन जा. रोटेशनच्या महिन्यांवर बोट ठेवून काकूंना विचार, तेव्हा वरची खोली रिकामी असेल का.